माझा हरलेला खाऊ

“बोदडेभाऊ, भुलाबाईचा खाऊ करणं म्हंजे पाना फिरवणं नोय,” उमाळेकाकू आमच्या उंबऱ्यात उभ्या राहून म्हणाल्या. “वनिता बाळंतपणाले माहेरी गेलेली. तुम्ही एकटे माणूस. तुमच्या घरचा खाऊ मी करून देते. कोणी नाव ठेवणार नाई.”

मी तेव्हा स्टोव्हवर खिचडी ढवळत होतो. खिचडी बुडाशी लागली होती आणि तो वास काकूंच्या नाकापर्यंत पोचला होता, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. शहाण्या माणसानं हो म्हणून मोकळं व्हावं. पण मी एस.टी.च्या वर्कशॉपमधला मेकॅनिक. आमच्या डेपोत कोणी ‘तुला जमणार नाही’ म्हटलं की ते काम आधी हातात घ्यायचं आणि मग विचार करायचा, अशी रीत होती.

“काकू, माह्या घरचा खाऊ मीच करीन,” मी म्हणालो. “अन् सांगून ठेवतो, आपल्या लाइनीतली एकही पोरगी तो जिंकणार नाई.”

“अगं बाई!” काकूंनी पदर तोंडाला लावला. “पाहू ना मंग.”

रात्रीच्या जेवणाआधी ही बातमी क्वार्टरांच्या सगळ्या लाइनीत पोचली. काकू बातमी पोचवायच्या कामात एस.टी.पेक्षा वक्तशीर होत्या.

हे सगळं खामगावचं. डेपोच्या मागे आमच्या क्वार्टरांची बैठी लाइन होती आणि भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत तिथे भुलाबाई बसायची. रोज संध्याकाळी पोरी टिपऱ्या घेऊन घरोघर जायच्या, भुलाबाई-भुलोजीच्या मातीच्या मूर्तींसमोर बसून गाणी म्हणायच्या. गाणी संपली की त्या घरची बाई झाकलेला डबा घेऊन यायची आणि पोरींसमोर हलवायची. आत काय आहे ते पोरींनी नुसतं ऐकून आणि प्रश्न विचारून ओळखायचं. ओळखलं तर पोरींनी खाऊ जिंकला. नाही ओळखलं तर सगळ्यांनी एका सुरात ‘हरलो’ म्हणायचं आणि मग डबा उघडायचा. खायला दोन्ही वेळी मिळायचंच, पण ज्या घरचा खाऊ पोरींना हरवायचा त्या घरच्या बाईची मान पुढच्या वर्षापर्यंत ताठ राहायची. आणखी एक नियम होता. ज्या घरचा खाऊ, त्या घरच्या पोरीनं तोंड उघडायचं नाही.

आमच्या घरच्या पोरीच्या बाबतीत या नियमाची गरज नव्हती. आमची प्रणिता, म्हणजे पनी, तोंड उघडायचीच नाही.

घरात तिची टकळी अखंड चालू असे. पण उंबरा ओलांडला की गप्प. बालवाडीत गप्प, दुकानात गप्प, उमाळेकाकूंच्या घरी दिवसभर खेळली तरी गप्प. मान हलवायची, बोट दाखवायची, फार झालं तर काकूंच्या सुरेखाचा फ्रॉक ओढायची. सुरेखा लाइनीतल्या पोरींची पुढारी होती, तिला भुलाबाईची सगळी गाणी पाठ होती आणि पनी तिची शेपूट होती. टिपऱ्यांचा ठेका पनीचा कधी चुकायचा नाही. गाणं मात्र ओठातून बाहेर यायचं नाही.

त्या पावसाळ्यात बालवाडीच्या तायडेबाईंनी मला बोलावून घेतलं होतं.

“पोरगी हुशार आहे हो, बोदडे,” त्या म्हणाल्या. “पण पुढच्या जूनमध्ये पहिलीत बसवायची. तिथले गुरुजी नाव विचारतील, रंग विचारतील. बोलली नाही तर अजून एक वर्ष ठेवा म्हणतील. ते एक वेळ चालेल. पण पोरं तिला आतापासून मुकी म्हणून हाका मारतात. एकदा ते नाव चिकटलं की मग कठीण.”

मी विचारलं, गावात एक डॉक्टरीणबाई मुलांचा वर्ग घेतात, रंगीत ठोकळे वगैरे असतात, तिथे घालू का? मनात म्हणत होतो, हो म्हणाल्या तर त्या फीचं काय करायचं.

“घरी तुम्ही तिच्याशी काय खेळता?” बाईंनी उलट विचारलं.

मी काय सांगणार? डेपोतून यायचो, हातावरचं ग्रीस रॉकेलनं काढायचो, आंघोळ, जेवण, झोप.

“विकत काही आणू नका,” बाई म्हणाल्या. “घरात जे असेल त्याच्याशी खेळा. पण रोज खेळा, आणि आईवर सोडू नका, तुम्ही स्वतः खेळा.”

हे सांगायला सोपं होतं. मला घर-घर खेळता येईना आणि चित्र काढायला बसलो तर माझा हत्ती आणि माझी एस.टी. सारखीच दिसायची. दोन-तीन संध्याकाळी आम्ही बापलेक एकमेकांची तोंडं पाहत बसलो. वनिता हसून हसून बेजार झाली.

मग एकदा मी घरातल्या दुधाच्या पावडरीच्या डब्यात एक नट शोधत होतो. डबा हलवला, तर चटईवर पाठमोरी बसलेली पनी म्हणाली, “त्यात चाक्या हायेत.”

खरंच वायसर होते. “तुले कसं कळलं वं?”

“पातळ वाजून राहिल्या.”

मी हातातलं काम खाली ठेवलं. आम्ही मेकॅनिक लोक चालू इंजिनाला स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लावतो आणि मूठ कानाला लावतो. आत कोणती बेअरिंग रडते आहे ते तसं ऐकू येतं. माझ्या उस्तादानं मला हे शिकवलं तेव्हा म्हणाला होता, आवाज काय म्हणतो ते आधी सांग, दुरुस्तीचं नंतर बोल. त्याला सांगायला मला वर्ष लागलं होतं आणि ही पोरगी चटईवर बसून ‘पातळ वाजतात’ म्हणत होती. माझी छाती तिथल्या तिथे फुगली.

त्या दिवसापासून आमचा खेळ सुरू झाला. मी कोपऱ्यात तोंड करून डब्यात काहीतरी टाकायचो, पनी डोळे गच्च मिटायची, मी डबा हलवायचो. उत्तर मोठ्यानं द्यायचं, एवढीच अट. ज्वारी, साबुदाणा, चिंचोके, गोट्या, वनिताची गुंड्यांची पुडी. तुरी आणि तुरीची डाळ यांतला फरक तिला आठवडाभरात कळायला लागला. “डाळ चपटी वाजते,” ती म्हणायची. भिजवलेला हरभरा ‘झोपल्यासारखा’ वाजायचा आणि साखर ‘खोटं खोटं’ वाजायची. मग डाव फिरायचा. ती टाकायची, मी डोळे मिटायचो. सुरुवातीला मी मुद्दाम हरायचो. पुढे पुढे मुद्दाम हरायची गरज राहिली नाही.

पण ओसरीवरून कोणी गेलं की ती गप्प व्हायची. खेळ चार भिंतींच्या आतच राहिला. वनिता माहेरी जाताना मला म्हणाली, “बाकी काही नाई, पण मी येईस्तोवर ही एका तरी परक्या माणसाशी एक तरी शब्द बोलली पाहिजे. तेवढं करा.” पोटातल्या बाळापेक्षा तिचा जीव पनीत अडकला होता.

एकदा मी क्वार्टरांमागच्या पडीक रानातून गोखरू वेचून आणले, ते काट्यांचे दाणे. डब्यात टाकून हलवले. पनी पटकन म्हणाली, “हे टोचते.” डोळे उघडून तिनं आधी डब्यात नाही, स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. मी शाबासकी दिली आणि विसरून गेलो.

तर आता उमाळेकाकूंसमोर मी नाक वर करून बोललो होतो आणि कोजागिरी तोंडावर आली होती. माझ्या हातचा शिरा खिरापतीला नव्हे, गळणारा रेडिएटर बुजवायला चालला असता. पण खाऊ चविष्ट असावा असं मी कुठे म्हटलं होतं? पोरींना ओळखता येऊ नये, एवढंच म्हटलं होतं. पोरी ओळखायच्या त्या बायांच्या स्वयंपाकघरातल्या गोष्टी: लाडू, शंकरपाळे, शेव, धपाटे. मग जे त्या लाइनीत कोणी करतच नाही ते आणायचं. भंडाऱ्याकडे जाणारा एक ड्रायव्हर माझ्या ओळखीचा होता, वानखडे नावाचा. त्याच्या गाडीचे ब्रेक मी नेहमी जीव लावून करायचो. त्याला निरोप दिला आणि त्यानं तिकडच्या तलावातले नवे शिंगाडे पिशवीभर आणून दिले. शिंगाडे उकडायला पाणी, मीठ आणि स्टोव्ह पुरतो.

त्या दिवशी माझी सुटी होती. दुपारी जेवण झाल्याबरोबर पनीला उमाळेकाकूंकडे पाठवून दिलं. दार लावलं, खिडकी लावली आणि शिंगाडे चढवले. वास बाहेर जाऊ नये म्हणून उदबत्त्यांचा अख्खा जुडगा पेटवला. मध्येच दारावर थाप पडली. मी काही दार उघडलं नाही. शिंगाडे निथळून मोठ्या स्टीलच्या डब्यात घातले, अर्धाच डबा, म्हणजे हलवल्यावर बटाट्यासारखे गडगडावेत. झाकण बसवलं, वर पंचा गुंडाळला. स्वतःच्या हुशारीवर इतका खूश झालो की एक शिंगाडा सोलून खाल्ला आणि त्याची सालं कागदात बांधून माळ्यावर लपवली.

संध्याकाळी पोरी आल्या. त्यांच्या मागे लाइनीतल्या बाया आल्या आणि दारात दाटीवाटीनं उभ्या राहिल्या. बाप्या माणसानं केलेला खाऊ पाहायची संधी कोणाला चुकवायची नव्हती. पनी सुरेखाच्या कुशीला चिकटून बसली. गाणी झाली. मी डबा घेऊन पुढे आलो आणि पाटावर बसलो.

“हलवा, काका,” सुरेखानं फर्मावलं.

मी हलवला. गडगड झाली आणि पोरींनी कान टवकारले.

“गोड का तिखट?”

“दोन्ही नाई.”

“तळलेलं हाये?”

“नाई.”

“भाजलेलं?”

“नाई.”

“मंग उकडलेलं!”

“हाव.”

“बटाटे!” दोघीतिघी एकदम ओरडल्या.

“नाई.”

“शेंगा! रताळी! कणसं!”

“नाई, नाई, नाई.”

“अंडे!” एक चिमुरडी म्हणाली आणि दारातल्या बाया फिसकन हसल्या. “भुलाबाईसमोर अंडे व्हय वं?” उमाळेकाकूंनी तिला दटावलं.

पोरींची डोकी एकत्र आली. कुजबुज झाली. सुरेखाचा चेहरा रडवेला झाला, कारण त्या वर्षी तिच्या टोळीला अजून कोणीच हरवलं नव्हतं. “म्हणायचं का गं?” तिनं हळूच विचारलं. पोरींनी माना डोलावल्या.

मी मिशीवरून हात फिरवला. “एकदा अजून हलवतो,” मी उदार होऊन म्हणालो. “शेवटचं.” आणि डबा सावकाश, गोल फिरवून हलवला.

“टोचते ते.”

आवाज बारीक होता, पण स्पष्ट होता. पोरी एकमेकींकडे पाहू लागल्या. “कोण बोललं?” सुरेखा म्हणाली आणि मग तिनं खाली, आपल्या कुशीकडे पाहिलं.

पनीनं डोळे गच्च मिटलेले होते. घरी मिटायची तसेच. मान थोडी तिरकी होती. त्या दाटीतलं कोणीही तिला दिसत नव्हतं, फक्त डबा ऐकू येत होता.

माझे हात डब्यावर तसेच राहिले. “काय म्हणालीस, बेटा?”

“टोचते. गोखरूसारखं. पण मोठं हाये.” ती थांबली. “हलव ना.”

मी हलवला.

“ओलं हाये,” पनी म्हणाली. मग तिनं डावा अंगठा वर करून धरला, जसा काही तो तिथे साक्षीला बोलावला होता. “आईनं उकडले होते. मले रुतलं होतं. शिंगाडा.”

मागच्या हिवाळ्यात वनितानं कुठूनसे थोडे शिंगाडे आणले होते, एकाचं शिंग पनीच्या अंगठ्यात घुसलं होतं आणि तिनं घर डोक्यावर घेतलं होतं. मी ते साफ विसरलो होतो. मीच तिचे कान तयार केले आणि मीच तिच्या कानांना जमेत धरलं नाही. माझ्याच हातानं माझ्या पायावर धोंडा पडला होता आणि मला नाचावंसं वाटत होतं.

पण तेवढ्यात गलका झाला.

“घरची पोरगी हाये ती!”

“घरच्या पोरीनं नाई सांगायचं! बाद!”

दारातून एक बाई म्हणाली, “बापानंच सांगतलं असन. नाई तं एवढ्याशा पोट्टीले कुठून कळते?”

पनीनं डोळे उघडले. समोर एवढे चेहरे पाहिले आणि तिचे ओठ आत गेले. तो चेहरा मला माहीत होता. बालवाडीच्या दारात मी तो रोज पाहायचो. आता हे ओठ मिटले तर पुन्हा कधी उघडतील, कोणाला ठाऊक. वनिताला मी काय सांगणार होतो? बोलली होती एकदा, पण आम्ही बाद केली?

मी उठून उभा राहिलो. “बाद-बिद काही नाई,” मी म्हणालो. माझा आवाज वर्कशॉपमधल्यासारखा मोठा निघाला. “म्या तिले काही सांगतलं नाई. तिनं ऐकलं अन् ओळखलं. मी हरलो. माहा खाऊ पोरीनं जिंकला.”

“पण भाऊ, नियम—”

“चूप बसा वं साऱ्या!” उमाळेकाकू दारातली गर्दी बाजूला सारत आत आल्या. “पोट्टी दुपारपासून माह्या घरी होती, माह्या डोळ्यासमोर. अन् हा माणूस दाराले कडी लावून बसला होता. मी सोता पाहाले आली होती काय शिजते ते. थाप मारली तं दार उघडत नाई, अन् उदबत्तीच्या धुरानं माहा जीव गुदमरला. मले वास आला नाई, तं तिले कोण सांगतलं? नियम घरात पाहून सांगणाऱ्या पोरीसाठी हाये. हिनं पाह्यलंच नाई.”

त्यांनी खाली बसून पनीची हनुवटी धरली. दोन वर्षं ती पोर त्यांच्या घरात वावरत होती आणि काकूंनी तिचा आवाज कधी ऐकला नव्हता. काकूंचा स्वतःचाच आवाज बदलला. “काय व्हय ते, पनी? काकूले सांग बरं. मले ऐकू नाई आलं.”

पनीनं माझ्याकडे पाहिलं. मी डबा एकदा हळूच हलवला.

तिनं पुन्हा डोळे मिटले. “शिंगाडा,” ती म्हणाली. आणि थोडं थांबून, “काकू.”

काकूंनी डोळ्यांना पदर लावला आणि त्याच दमात ओरडल्या, “उघडा ना डबा, भाऊ! आता काय कोजागिरीलोक हलवत बसता?”

डबा उघडला. पोरींनी शिंगाडे सोलले, बोटं टोचून घेतली, सगळीकडे काळी सालं झाली. सुरेखानं पनीला मांडीवर घेतलं आणि सगळ्या पोरींना सांगून टाकलं की उद्यापासून ही पुढे बसेल. मी कोपऱ्यात उभा राहून पाहत होतो. माझ्या वाट्याला एकही शिंगाडा आला नाही.

दुसऱ्या दिवशी मी डेपोत ज्याला त्याला सांगत सुटलो, “माहा खाऊ हरला!” फोरमननं विचारलं, “अरे, हरला तं पेढे कशाचे वाटून राहिला?” मी म्हणालो, पोरीनं जिंकला त्याचे. आणि सगळ्यांना पेढे दिले.

उमाळेकाकूंच्या घरी पाळी आली तेव्हा त्यांनी पनीला अगदी समोर बसवलं आणि डबा तिच्या कानाजवळ नेऊन हलवला. पनीनं डोळे मिटले, मान तिरकी केली आणि ठासून सांगितलं, “मुरमुऱ्याचे लाडू!” ते राजगिऱ्याचे होते. ती चुकली, पण मोठ्यानं चुकली. काकूंची मान त्याही वर्षी ताठ राहिली आणि मला त्यांच्याइतकाच आनंद झाला.

त्यानंतर सगळं एका दिवसात सुरळीत झालं असं नाही. बरेच दिवस ती परक्यांशी बोलताना डोळे मिटायची. तायडेबाईंनी ते ओळखलं आणि वर्गात सगळ्या पोरांनाच डोळे मिटून ओळखायचा खेळ लावला. तो पावडरीचा डबा पुढे झाकण बदलून आमच्या धाकट्यानं वापरला आणि आता त्याचे पोचे काढून माझ्या नातवंडांच्या हाती दिला आहे. मोबाइल बाजूला ठेवून ती पोरं डबा ऐकत बसतात, तेव्हा मी उगाच दुसरीकडे पाहतो.

पण मला सांगायचं आहे ते एस.टी. स्टँडवरचं.

दिवाळीनंतर वनिता बाळाला घेऊन परत आली. मी तिला पत्रात काहीच कळवलं नव्हतं. हे पत्रात लिहायचं नव्हतं, तिच्या कानानंच ऐकायचं होतं. बाजाराचा दिवस होता. स्टँडवर पाय ठेवायला जागा नव्हती. बाळापूरची गाडी फलाटाला लागली, माणसं दाराशी लोटली आणि त्या गर्दीच्या डोक्यांवरून वनिता दिसली, कुशीत बाळ, पायरीवर एक पाऊल.

पनी माझ्या खांद्यावर बसली होती. तिनं आईला पाहिलं. तिच्या दोन्ही मुठी माझ्या केसांत आवळल्या गेल्या. मी वाट पाहत होतो, आता ही डोळे मिटेल.

तिनं डोळे मिटले नाहीत.

“आई वं!” ती ओरडली. “बाबाचा खाऊ म्या जिंकला!”

फलाटावरचे लोक वळून पाहू लागले. केळी विकणारी बाई हसली. वनिता पायरीवरच थांबली. मागून कंडक्टर म्हणाला, “बाई, उतरा ना, लोकं खोळंबले.” ती हलली नाही. तिनं बाळ छातीशी धरलं होतं आणि ती आमच्याकडे पाहत होती.

“काय म्हणाली वं?” तिनं तिथूनच विचारलं. “अजून एकदा सांग.”

“बाबाचा खाऊ,” पनी पहिल्यापेक्षा मोठ्यानं म्हणाली, “म्या जिंकला! बाबा हरला!”

“हाव,” मी सगळ्या स्टँडला सांगितलं, “हरलो.”